स्लॅबवरचं पाणी

आमच्या पत्र्यावर लाल रंगात सत्तावन्न आकडा टाकून ती माणसं पुढे गेली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय मिळालं गं आपल्याला?" त्यांना कमी ऐकू येतं, दिसतंही कमीच. दारात कुणी येऊन गेलं की काहीतरी मिळालं असंच त्यांना वाटतं. मी ओरडून सांगितलं, "काही मिळालं नाही, होतं ते चाललंय. कालवा रुंद करणारेत. दोन महिन्यांत उठायला सांगितलंय." त्या म्हणाल्या, "मग उठू. त्यात एवढं काय ओरडतेस?" जसं काही उठून पलीकडच्या खोलीत जायचं होतं.

पलीकडे खोली नव्हती. पत्र्याची एकच दहा फुटांची शेड, मागे कालवा आणि पुढे रस्ता. आमचे हे गवंडी. तीस वर्षं लोकांच्या भिंती उभ्या केल्या. बाजारपेठेतली निम्मी दुकानं ह्यांच्या हातची. आणि स्वतः पत्र्याखाली. लोक हे हसत हसत बोलून दाखवायचे आणि हेही हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं. हसण्यासारखं काय होतं त्यात?

पण त्या वेळी मी फार घाबरले नाही. कारण रविवारवाले होते.

त्यांच्या मंडळाला मोठं लांबलचक नाव आहे, पण सगळे त्यांना रविवारवालेच म्हणतात. शाळेतल्या एक बाई, एक निवृत्त ओव्हरसियर, दोघं-तिघं कारकून, औषधाच्या दुकानातला, असे पंधरा-वीस लोक. आठवडाभर आपापलं काम करायचं आणि रविवारी ज्यांना घर नाही त्यांची घरं स्वतःच्या हातांनी बांधायची. वीटभट्टीच्या मागची जमिनीची पट्टी कुणीतरी मंडळाला दिली होती. तिथे एका ओळीत खोल्या उठत होत्या. नियम एकच. आधी दुसऱ्यांच्या घरांना हात लावायचा, मग आपली पाळी आली की सगळे मिळून आपल्या घराला हात लावणार. आम्ही दोघं दोन वर्षं जात होतो. सहा घरं झाली होती. सातवं आमचं होतं.

ह्यांना तिथे फार मान. बाईंसकट सगळे 'मिस्त्री, मिस्त्री' करत मागे असायचे. थापी कशी धरायची, वीट किती भिजवायची, ओळंबा कसा सोडायचा, सगळं ह्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, प्रयत्न केला. बाईंच्या हातची भिंत पाहिली तर वाटे, हिला दिवस गेलेत. मध्येच पोट यायचं. हे काही बोलायचे नाहीत. "छान झालीय, बाई," म्हणायचे. आणि सोमवारी पहाटे कामावर जायच्या आधी तिकडे जाऊन तेवढी भिंत उतरवायचे, ओला माल खरवडून काढायचे आणि त्याच विटांनी पुन्हा सरळ लावायचे. पुढच्या रविवारी बाई यायच्या, भिंतीकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "माझा हात बसायला लागलाय हं आता, मिस्त्री." हे मान डोलवायचे. मी पाठ वळवून घमेल्यात फावडं घालायचे, कारण मला हसू आवरायचं नाही.

मी म्हणायचे, "कशाला हा दुप्पट खटाटोप? तोंडावर सांगा की."

"ती लोकं आठवडाभर राबून एका सुट्टीला इथे येतात," हे म्हणायचे. "त्यांना काय सांगायचं? भिंत काय, ती उतरते आणि चढते."

त्या हिवाळ्यात ह्यांचा खोकला वाढला. तरुणपणी सहा वर्षं खडी फोडायच्या मशीनवर होते, ती धूळ आत बसली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि ह्यांच्याशी न बोलता माझ्याशीच बोलायला लागले. तेव्हाच मला समजलं. बाहेर आल्यावर ह्यांनी मला झाडाखाली थांबवलं.

"रविवारवाल्यांना हे सांगायचं नाही."

"का?"

"दम लागणाऱ्या माणसाला ते परांचीवर चढू देत नाहीत. मागे त्या सुताराला नाही का उतरवलं? मला खाली बसवतील. आणि मग काम न करता घर घ्यायचं होय?"

"दोन वर्षं काय झोपा काढल्या?"

"तू सांगणार नाहीस. माझ्या डोक्यावर हात ठेव."

भर रस्त्यात मी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत सिमेंट होतं. ते कधी पुरतं निघायचंच नाही.

पत्र्यावर आकडा पडल्यानंतर दहा-बारा दिवसांनी कालव्याकाठची इस्त्रीवालीची शेड जळाली. कोळशाची इस्त्री, वारा सुटलेला, बाई पाणी आणायला गेलेली. लोकांचे कपडे जळाले, तिचं सगळं जळालं, पोरी तेवढ्या वाचल्या. दोन पोरी. नवरा आधीच सोडून गेलेला. शाळेच्या व्हरांड्यात तिला आसरा दिला होता.

त्या रविवारी कामानंतर सभा बोलावली. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. इस्त्रीवाली कोपऱ्यात उभी होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता आणि वेणीचं टोक जळून कुरळं झालं होतं. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. परिस्थिती अशी अशी आहे. पाळी मिस्त्रींची आहे. पण लहान मुली आहेत, उघड्यावर आहेत. "इथे जबरदस्ती कुणावर नाही," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तुमची हरकत असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा. आम्हाला जराही वाईट वाटणार नाही."

वीस माणसं मान वळवून ह्यांच्याकडे बघत होती. दोन पोरीही बघत होत्या. आता कोण सांगेल मोकळेपणाने?

हे उभे राहिले. सभेत बोलायचं तर उभं राहायचं, अशी ह्यांची समजूत. खोकला येत होता, तो गिळला. म्हणाले, "हरकत कसली? आम्हाला डोक्यावर पत्रा तरी आहे. तिचं आधी होऊ द्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी शेजारीच बसले होते. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं फिरलं असतं. ह्यांच्या फुप्फुसात दगड आहेत, ह्यांना आधी द्या. एवढंच. पण ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता ना. मी बाकावर कुणा पोराने कर्कटकाने कोरलेलं फूल बघत बसले.

घरी येताना मी म्हटलं, "आता त्या टाळ्यांवर बांधा घर."

"चार महिन्यांनी आपलं होईल."

"चार महिने आहेत का तुमच्याकडे?"

ते कालव्याच्या काठाने पुढे चालत राहिले. मग थांबले आणि मला वाटलं चिडले, पण दम लागला होता.

इस्त्रीवालीचं घर ह्यांनी जीव ओतून बांधलं. मला त्या दिवसांचा अजून राग येतो आणि राग कुणावर करायचा ते कळत नाही. ती पट्टीच्या हाताने माझ्याबरोबर माल कालवायची. डाव्या हाताने फावडं मारायची. तिला म्हटलं, बस जरा, तर म्हणायची, "वहिनी, दादांनी आपलं घर मला दिलं. मी बसू कशी?" असं बोलल्यावर माणसाने तिचा द्वेष तरी कसा करावा? मी प्रयत्न केला, पण जमला नाही.

भिंती झाल्या, स्लॅब पडला, गिलावा सुरू झाला. एका रविवारी दुपारी हे परांचीवर उभे राहून गिलाव्यावर रंधा फिरवत होते. मी खालून घमेलं वर दिलं. ह्यांनी घेतलं नाही. मी वर बघितलं तर हे फळीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि तोंड उघडून हवा ओढत होते. ओठ निळे पडले होते. थापी निसटून माझ्या पायाशी पडली. इतक्या वर्षांत ह्यांच्या हातून थापी पडलेली मी पाहिली नव्हती.

चौघांनी उचलून खाली उतरवलं. मग मी शपथबिपथ सोडली. बाईंना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

"अहो, आधी का नाही सांगितलंत? मी सभेत विचारलं होतं ना?"

"तुम्ही वीस माणसांत विचारलंत, बाई."

इस्त्रीवालीने ऐकलं होतं. ती जवळ आली आणि रडतच म्हणाली, "वहिनी, मी थांबले असते. शाळेच्या व्हरांड्यात काय वाईट होतं? एक शब्द बोलायचा होतात." मला तेव्हा तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. ह्यांची थापी उचलून धुतली.

दोन महिने सांगून चार महिन्यांनी, त्याच आठवड्यात कालव्यावर मशीन आलं. सत्तावन्न नंबरला पोचायला त्याला दीड दिवस लागला. ह्यांनी दम खात खात आधी आडव्या पट्ट्यांचे स्क्रू काढून चार पत्रे नीट उतरवून घेतले, बाकीचे मशीनने घेतले. सासूबाई रस्त्याकडेला ट्रंकेवर बसून विचारत होत्या, "एवढा आवाज कसला येतोय?" त्यांना आवाज आला म्हणजे तो केवढा असेल बघा.

इस्त्रीवाली हातगाडी घेऊन आली. "चला," म्हणाली. "खोली तुमच्याच हातची आहे." हे नको म्हणत होते. तिने ह्यांचं काही ऐकलं नाही, ट्रंक उचलून गाडीवर ठेवली आणि सासूबाईंना त्या ट्रंकेवर.

अशा रीतीने आमचे हे पहिल्यांदा पक्क्या छताखाली झोपले, ते दुसऱ्याच्या. खिडकीशी ह्यांची खाट टाकली. ती आणि पोरी आतल्या बाजूला, मी आणि सासूबाई खाली. हे पडल्या पडल्या भिंती तपासायचे. "तो कोपरा कारकुनांनी केलाय. गुण्या धरला नाही. काटकोन नाही तो." मी म्हणायचे, "गप्प पडा, दुसऱ्याच्या घराला नावं ठेवू नये." इस्त्रीवाली हसून म्हणायची, "ठेवू द्या वहिनी, त्यांचं पोरच आहे ते."

समोर वीस पावलांवर आमच्या घराचा पाया खणायला सुरुवात झाली होती. आता रविवारची वाट कुणी बघत नव्हतं. बाई शाळा सुटली की यायच्या, साडीचा पदर खोचून. ओव्हरसियर साहेब रोजच यायचे. कारकुनांनी पाळीपाळीने रजा टाकल्या. औषधाच्या दुकानातला दुकान बापावर सोडून यायचा. इतकी माणसं आमच्यासाठी राबताना पाहून मला गहिवरून यायचं आणि लगेच मनात यायचं, हेच चार महिन्यांपूर्वी झालं असतं तर.

हे खाटेवरून नुसत्या आवाजावरून काम चालवायचे. थापीने वीट ठोकल्याचा आवाज आला की म्हणायचे, "कोरडी वीट लावतायत. जा, सांग, टाकीत बुडवा म्हणावं, बुडबुडे थांबेपर्यंत." मी पळत जायचे, सांगायचे. परत आले की, "ओळंबा लावला का बाईंनी?"

"लावला."

"भिंत सरळ आहे?"

"सुतात आहे."

सुतात कसली? बाईंच्या भिंतीला पोट आलं होतंच. पण आता सोमवारी जाऊन ती उतरवणार कोण होतं? लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत ह्यांच्याशी कामाबद्दल खोटं बोलले ते त्याच दिवसांत.

एका रविवारी सकाळी स्लॅब टाकला. मी वाळूची घमेली वाहिली, इस्त्रीवालीने, बाईंनी, सगळ्यांनी ओळ लावली. दुपारी दोनला काम आटोपलं. आत खोलीभर टेकू उभे होते, दोन-दोन फुटांवर एक. त्यातून माणूस अंग चोरून आत जाईल, पण खाट टाकायला जागा नाही. हे खिडकीतून बघत होते. सगळे बघायला आले तेव्हा म्हणाले, "एकवीस दिवस. एकवीस दिवस टेकूला हात लावायचा नाही. आणि पाणी तोडायचं नाही. स्लॅब कोरडा पडला तर तडकतो." मग माझ्याकडे बघून, "पाणी तू घालायचंस. दुसऱ्यावर सोडू नकोस."

स्लॅबवर मातीची आळी करून पाणी कोंडायचं असतं. ऊन असं की सकाळी भरलेलं दुपारी आटायचं. हातपंपापासून हंडा भरून आणायचा, शिडीवरून वर न्यायचा, ओतायचा, उतरायचं. एका खेपेला दोन हंडे. पन्नाशीला आलेल्या बाईने दिवसाला वीस-बावीस खेपा. मान आखडायची, शिडीच्या पायऱ्यांनी तळव्याला घट्टे पडले. मी वर असले की हे खालून विचारायचे, "भरलं का?" आवाज पुरायचा नाही, तर इस्त्रीवालीची धाकटी पोर ओरडून विचारायची. मी वरून सांगायचे, भरलं.

पाचव्या दिवसापासून ह्यांना झोपून श्वास घेता येईना. उशांना टेकून बसायचे. दहाव्या दिवसापासून बोलणं तुटक झालं. एक दिवस म्हणाले, "आपल्या घरात... खाट कुठल्या भिंतीला लावायची?"

"तुम्ही सांगा."

"पूर्वेच्या. सकाळचं ऊन... पायावर येईल."

त्यांना एवढंच हवं होतं. आपल्या घरात एकदा आडवं व्हायचं. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी, ना देवाकडे, ना डॉक्टरांकडे, ना माझ्याकडे.

चौदाव्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या रविवारी, ओव्हरसियर साहेब खाटेपाशी येऊन बसले. म्हणाले, "मिस्त्री, दहा बाय बाराची खोली आहे. एवढ्या गाळ्याला बांधकामाच्या पुस्तकात सात दिवस लिहिलेत. आज चौदावा आहे. मी जबाबदारी घेतो. आज टेकू काढू, संध्याकाळपर्यंत तुम्हाला आत नेऊ."

हे मानेनेच नाही म्हणाले.

"अहो, मी चाळीस वर्षं सरकारी कामं पाहिलीत."

"साहेब... पुस्तक खरं असेल." श्वास घेतला. "मी एकदा काढला होता. आधी."

मग जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. लग्नाआधीची गोष्ट. मालकाला घाई होती, दुकान थाटायचं होतं. हे नवे होते, बावीस वर्षांचे. मालक म्हणाला काढ, ह्यांनी हातोडी मारून मधला टेकू काढला. खाली माल कालवणारी बाई होती. "माझ्याहून लहान," हे म्हणाले. "तिला म्हटलं होतं... बाजूला हो. मोठ्याने नाही म्हटलं." सासूबाई विचारत होत्या, "काय म्हणतोय तो?" मी त्यांना सांगितलं, "काही नाही, पाणी मागतायत."

मग हे माझ्याकडे बोट करून साहेबांना म्हणाले, "आत ही राहणार. माझी आई राहणार. एकवीस."

साहेब बाहेर आले. मला हातपंपापाशी गाठलं. "ताई, स्लॅब पक्का आहे. मी ठोकून पाहिलाय. त्यांच्या मनात जे बसलंय ते वेगळं. तुम्ही हो म्हणा, आम्ही गुपचूप काढतो. आत नेल्यावर रागावतील. रागावू देत की."

मी हंडा पंपाखाली धरला होता. भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

विचार कसला करणार? एका बाजूला ह्यांचा शब्द. तीस वर्षं ती एक गोष्ट पोटात ठेवून जगलेला माणूस, मरताना पुन्हा त्याला तेच करायला लावायचं? दुसऱ्या बाजूला ते उशीला टेकलेलं तोंड, हवा ओढणारं. त्या रात्री मी एकदा ठरवलं, हो म्हणायचं. सकाळी ह्यांनी विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, "पंधरावा." ते हसले. मोजत होते. म्हणजे पोचणार असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटायला लागलं, पोचतील. सहा दिवस तर राहिलेत. सहा दिवस कुणीही काढतं. मी साहेबांना सांगितलं, "थांबूया."

अठराव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास हे गेले. मी ह्यांचे पाय चोळत होते. पाय गार होत होते, चोळले की मला ते कमी गार वाटत होते. दोन श्वासांमध्ये अंतर पडायला लागलं, मी पुढच्याची वाट बघत बसायचे, तो यायचा. एकदा आला नाही. मी तरी चोळतच होते. इस्त्रीवालीने माझे हात धरले.

माणसं जमली. बाई शाळा सोडून आल्या. सासूबाईंना कुणीतरी कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं. त्यांनी आवाज केला नाही, ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि केसांतले सिमेंटचे कण नखांनी काढत राहिल्या.

बाराचं ऊन डोक्यावर आलं. मी उठले. हंडा घेतला आणि पंपावर गेले. बायकांना वाटलं तोंड धुवायला जातेय. मी हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि शिडी चढायला लागले. खाली कुणीतरी म्हणालं, "डोकं फिरलंय बिचारीचं." दुसरी म्हणाली, "अगं, नवरा पडलाय तिकडे, ही काय करतेय?" मी वर गेले. आळ्यांतलं पाणी आटून तळाची माती दिसत होती. मी ओतलं. पुन्हा उतरले, पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला बघते तर इस्त्रीवाली माझ्या मागे शिडीवर होती, हंडा घेऊन. तिच्या मागे बाई होत्या. स्लॅब भरला, मग आम्ही खाली आलो, आणि मग मी रडले. अशी रडले की सासूबाईंनाही ऐकू गेलं.

रविवारी एकविसावा दिवस होता. सगळे आले. साहेबांनी स्वतः आत जाऊन मधल्या टेकूपासून सुरुवात केली. सगळ्यांना बाहेर काढलं, प्रत्येकाला नाव घेऊन मोठ्याने ओरडून. एकेक टेकू बाहेर आला. मग फळ्या उतरवल्या. साहेबांनी काठीने चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. केसाएवढीही भेग नव्हती.

ते बाहेर आले, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस्त्रींचं बरोबर होतं, ताई. एकवीस लागतातच. आधी काढला असता तर धोका होता."

भला माणूस. माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी भिंतीबद्दल जसं बोलायचे तसंच.

"साहेब," मी म्हटलं, "पुस्तकात किती लिहिलेत?"

ते काठीच्या टोकाने माती उकरायला लागले.

"सांगा. मला ऐकायचंय."

त्यांनी खाली बघितलं. "सात," म्हणाले.

बाईंनी माझ्या हातात किल्ली दिली. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी मिळून खोली झाडली, फरशी पुसली. इस्त्रीवालीने आपल्या खोलीतून खाट आणली आणि विचारलं, "वहिनी, कुठे ठेवू?" मी म्हटलं, पूर्वेच्या भिंतीला. सासूबाईंना त्यावर बसवलं. दुपारनंतर एकेक जण निघून गेला.

मी खोलीच्या मधोमध उभी राहून वर बघितलं. छताला फळ्यांचे ठसे उमटले होते. बाईंच्या भिंतीचं पोट आतल्या बाजूनेही दिसत होतं. मला इतका राग आला. ह्यांचा, माझा, त्या पुस्तकाचा, त्या मालकाचा, तीस वर्षांपूर्वीच्या त्या हातोडीचा. तीन दिवस, अहो. नुसते तीन दिवस. मग मी दारात गेले आणि बाहेर तोंड करून, शेजारीपाजारी ऐकतील याची लाज न बाळगता म्हटलं, "या की आत. झालं घर. या."

समोर इस्त्रीवाली कपड्यांवर पाणी शिंपडत होती, तिचा हात तसाच थांबला.

ऊन उतरलं. वारा सुटला. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "दार लाव गं, गार येतंय." मी त्यांच्या पायांवर चादर टाकली आणि म्हटलं, "राहू द्या उघडं थोडा वेळ."